पलीकडे न पोचलेलं

घर,
रविवार, ७ सप्टेंबर

बारके,

परवा फोनवर तू अर्धा तास बोललीस आणि मी अर्धा तास 'हं, हं' करत होतो. कानातलं यंत्र नुसती शिट्टी वाजवतंय. फोन ठेवल्यावर ताईने विचारलं, "काय म्हणाली?" मी म्हटलं, "आवाजावरून बरी वाटली." तेव्हा आपलं पत्रच बरं. एक आड एक रविवार, दुपारचं जेवण झालं की मी, कागद आणि चहाचा कप. कागदाला मोठ्याने बोलावं लागत नाही.

एक अडचण झाली आहे. टपाल कचेरीतल्या बाईंनी विचारलं, धाकटी तिकडे काय करते? मी ऐटीत सांगितलं, जड कण शोधते. त्या म्हणाल्या, "जड आहेत तर पटकन सापडत असतील की." मी तिकिटं घेऊन घरी आलो. छत्तीस वर्षं लोकांच्या हाडांचे एक्स-रे काढले, तुला काचेसारखं स्वच्छ समजावून सांगायचो. आता तुझी पाळी. माझ्यासारख्याला कळेल असं लिही. आकडे घातलेस तर पत्र परत पाठवीन.

आमच्या जुन्या विभागात नवं यंत्र आलंय. तिथली आताची प्रमुख माझ्याच हाताखाली शिकली, तीही पन्नाशीची झाली. बघायला या म्हणते. जाईन म्हणतो. थोडा खोकला आहे, ऋतू बदलताना लागतो तसा. ताईच्या कारखान्यात गणवेशांची घाई आहे. दिवसभर कापड कापून घरी येते आणि कात्रीचे वळ उठलेल्या बोटांनी मला जेवायला वाढते. वाढताना बोलते ते लिहीत नाही.

तुझा,
बाबा

*

प्रयोगशाळेची वसाहत, खोली १४,
२० सप्टेंबर

बाबा,

टपालातल्या बाईंना माझा नमस्कार सांगा. प्रश्न बरोबर आहे. आमच्या समितीतही इतका सरळ कोणी विचारत नाही.

तर ऐका. आम्ही शिशाच्या अणूंची केंद्रं घेतो. तुमच्या एप्रनमधलंच शिसं. ती जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने समोरासमोर आपटतो. आपटतात तिथे इतकं तापतं की केंद्रातले कण वितळून त्यांचं एक सूप होतं. ते कुणालाच बघता येत नाही, डोळ्याची पापणी हलायच्या कितीतरी आधी ते गार होऊन विखुरलेलं असतं. मग ते होतं हे कळायचं कसं? त्यातून काय पार झालं आणि काय झालं नाही, यावरून.

टक्कर होते त्या पहिल्या झटक्यात क्वार्क नावाचे काही जड कण जन्मतात. एकटा कधीच नाही, जोडीने. क्वार्क आणि त्याचा उलटा भाऊ, प्रतिक्वार्क. सूप नसेल तर त्यातल्या काही जोड्या एकमेकांना धरून बाहेर येतात. सूप असेल तर मधे एवढी गर्दी असते की एकाची ओढ दुसऱ्यापर्यंत पोचत नाही, आणि हात सुटतात. पुढे आम्ही एक जाडजूड भिंत उभी केली आहे. बाकी सगळे कण भिंतीत अडकतात. टिकलेली जोडी मोडताना दोन कण सोडते, ते तेवढे पलीकडे येतात. मी भिंतीपलीकडे बसून मोजते.

सूप नसतं तर किती आल्या असत्या, आणि खऱ्या किती आल्या. त्याचा भागाकार. एक आला तर कोणी हरवलं नाही. अर्धा आला तर निम्म्या वाटेत गेल्या. सहा वर्षं मी हेच करते आहे, बाबा. न आलेल्यांची मोजणी.

आणि गंमत म्हणजे उत्तर मलाही माहीत नाही. आमच्यातल्या एकीने सगळ्या आकड्यांना एका गुप्त संख्येने गुणून ठेवलंय, कारण माणसाला हवं ते दिसायला लागतं. आधी पद्धत पक्की करायची, सगळ्यांनी सह्या करायच्या, मग ती संख्या काढून टाकायची. त्याला आम्ही पेटी उघडणं म्हणतो. पेटी उघडणार मार्चच्या वीस तारखेला. तोवर श्वास रोखून बसले आहे.

खोकला दाखवा. मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी ठरलंय तेही कळवा.

तुमची,
बारकी

*

घर,
रविवार, ५ ऑक्टोबर

बारके,

कळलं. सगळं कळलं. आपला दोघांचा धंदा एकच निघाला की गं!

आमच्या फिल्मवर किरण पोचला तिथे काळं, हाडाने अडवला तिथे पांढरं. लोक म्हणतात, हाड दिसलं. हाड कुठलं दिसतंय, न पोचलेला किरण दिसतो. मी हे छत्तीस वर्षं नवीन मुलांना सांगत आलो आणि एकालाही त्यात काही विशेष वाटलं नाही. तू लहानपणी डार्करूममध्ये स्टुलावर उभी राहून फिल्म वर येताना बघायचीस, त्याचं हे फळ असणार. श्रेय मी घेतलेलं आहे.

तुमची झाकलेली संख्याही आवडली. आमच्याकडेही तसा एक नियम होता. फोटो काढणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. सांगायचं ते डॉक्टर सांगतील. फिल्म ओली असतानाच मला कळलेलं असायचं, आणि बाहेर बाकावरचा माणूस माझ्या तोंडाकडे बघत असायचा. मी म्हणायचो, "फोटो छान आलाय. तुम्ही अजिबात हलला नाहीत." त्यात खोटं काही नव्हतं.

परवा नवं यंत्र पाहून आलो. डार्करूम नाही, फिल्म नाही, दोन सेकंदांत समोर पडद्यावर चित्र. प्रमुखबाई म्हणाल्या, सर, गंमत म्हणून तुमचा काढू या. उभा राहिलो. तिने मलाच सांगितलं, श्वास घ्या, रोखून धरा. मग 'सोडा' म्हणायला विसरली. मीच पडद्याकडे बघून म्हटलं, "सोडू का?"

फोटो छान आलाय. मी अजिबात हललो नाही.

एक शंका. त्या जोड्या सुरुवातीलाच तेवढ्या जन्मतात का? मधे, सूप चांगलं तापलेलं असताना, नवी नाही का होत? आणि वीस मार्च नक्की ना? पुढे नाही ना ढकलणार?

बाबा

*

खोली १४,
२० ऑक्टोबर

बाबा,

माझ्या विद्यार्थ्यांना जी शंका यायला हवी ती तुम्हाला आली!

नाही, मधे होत नाहीत. जड क्वार्क घडवायला जो जोर लागतो तो फक्त पहिल्या धडकेत असतो. नंतर सूप कितीही तापलेलं वाटलं तरी तेवढी ताकद त्यात उरत नाही. जे काही व्हायचं ते सुरुवातीलाच. पुढे असलेल्याला सांभाळायचं एवढंच.

मात्र काही जणांचं म्हणणं असं की शेवटी, सूप गार होताना, वाटेत सुटलेले क्वार्क पुन्हा कुणाला तरी सापडतात आणि नव्याने जोडी जमते. खरं की खोटं, ते माझ्या पेटीत आहे. तारीख पक्की. पेटी उघडली की एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घरी येते, चांगली महिनाभर. ताईला सांगा, तोवर टोमणे साठवून ठेव.

सध्या मात्र रटाळ काम आहे. थोड्या जोड्या सूप नसतानाही हरवतात, अगदी साध्या कारणांनी. नुसत्या गार केंद्रातून जातानाही काही गळतात. म्हणून आधी सगळी साधी कारणं शोधून वजा करायची. घाईने मोठ्या कारणाचं नाव घेणारा आमच्यात कच्चा समजला जातो. मी कच्ची नाही. साधी कारणं शोधण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही.

फोटो छान आला हे ठीक, पण खोकल्याचं काय? आणि मोतीबिंदूची तारीख?

बारकी

*

घर,
रविवार, १४ डिसेंबर

बारके,

मागच्या दारी खुर्ची टाकून लिहितो आहे. ऊन छान पडलंय. पाठ शेकून निघते आहे.

नवीन विशेष काही नाही. आज एक जुनी आठवण आली. तू सात वर्षांची असशील. झाडावरून पडलीस, मनगट सुजलं, मीच फोटो काढला. तू विचारलंस, "बाबा, मोडलंय का?" आणि मी सवयीने म्हटलं, "फोटो छान आलाय." तू लगेच रडायला लागलीस. म्हणालीस, म्हणजे मोडलंय! त्या दिवसापासून तुझ्यासमोर तोंड कोरं ठेवायची मला भीती वाटते. कागदावर बरं असतं.

काम नेटाने कर. मधे उठू नकोस. ताई मजेत आहे.

बाबा

*

खोली १४,
२ जानेवारी

बाबा,

नव्या वर्षाची सुरुवात तुमच्या तक्रारीने. सप्टेंबरपासून तुमची आठ पत्रं यायला हवी होती. आली सहा. नोव्हेंबरची दोन गायब. भागाकार पाऊण. याला आमच्याकडे लक्षणीय घट म्हणतात!

पण मी कच्ची नाही. आधी साधी कारणं. नोव्हेंबरात टपाल उशिरा येतच होतं, माझी वीजदेयकंसुद्धा आली नाहीत. शिवाय तुमचे डोळे. शिवाय गारठ्यात बोटं आखडतात. हे सगळं वजा केलं की भागाकार जवळजवळ एक येतो. आणि डिसेंबरपासून तर पत्रं घड्याळ लावल्यासारखी वेळेवर येताहेत, म्हणजे प्रश्नच मिटला.

बारीकसारीक दोन गोष्टी. ताई फोनवर म्हणाली होती की डिसेंबरात पंधरा दिवस पावसाने उसंत दिली नाही, आणि तुम्ही चौदा तारखेला उन्हात! तारीख चुकली असेल. आणि कप पत्रावर ठेवत जाऊ नका. चहाचा गोल उमटलाय, त्याखालची शाई फुटलीय. 'खुर्ची' वाचायला मला भिंग घ्यावं लागलं.

मोतीबिंदूबद्दल चौथ्यांदा विचारते आहे. मनगटाची गोष्ट लिहिलीत, माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही. वाटेत पत्रांची चुकामूक होत असेल.

बारकी

*

१९ जानेवारी

बारके,

मी पत्र लिहिते आहे म्हणजे बघ. शाळा सोडल्यापासून सहीपलीकडे काही लिहिलं नाही. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत बसले आहे, कापायच्या टेबलावर. घरी लिहिता येणार नाही. फोनवर बोलता येत नाही, बाबा समोरच असतात. ऐकू येत नसलं तरी माझं तोंड वाचतात. तेच त्यांचं काम होतं ना, दुसऱ्याच्या आतलं बघायचं.

एकच सांगायचं आहे. फेब्रुवारीत चार दिवस येऊन जा. का, ते विचारू नकोस. मला शपथ घातलेली आहे. आजवर मी तुझ्याकडे काही मागितलेलं नाही, मागितलं असेल तर आठवून सांग. हे मागते आहे. चार दिवस.

भोंगा झाला.

ताई

*

खोली १४,
३१ जानेवारी

ताई,

पत्र वाचून आधी घाबरले. मग शांतपणे दोनदा वाचलं.

शपथ कसली ते मला कळलं आहे असं वाटतं. जुनं घर सोडून लहान जागेत जायचं बाबांनी ठरवलं असणार आणि मला आडून सांगायचं असणार. किंवा तू दमली आहेस. ते मी समजू शकते. आई गेल्यापासून सगळं तुझ्यावर पडलं, आणि तू दर वेळी ते असं अर्ध्यावर बोलून दाखवतेस, म्हणजे उरलेलं मी रात्रंदिवस डोक्यात घोळवत बसावं.

बाबांची पत्रं वेळेवर येताहेत, आनंदी आहेत, मागच्या पत्रात तर मला चक्क चिडवलंय. मला सात आठवडे दे. इथून आत्ता उठले तर सह्या अडतील, पेटी पुढे जाईल, सहा वर्षं आणि अकरा माणसं माझ्यासाठी थांबतील. मार्चनंतर महिनाभर येते आहे. तू खुशाल पाय पसरून झोप, स्वयंपाक मी करीन. जळका असेल, पण मीच करीन.

रागावू नकोस.

बारकी

*

खोली १४,
९ फेब्रुवारी

बाबा,

पंचवीस जानेवारीचं पत्र मिळालं. पुन्हा डाग! तुमचा कप गळका आहे की काय? नवा आणते येताना.

इथे सगळं ठीक. आज फार लिहीत नाही. थंडी आहे. तुम्ही नीट राहा, बाबा. अगदी नीट राहा.

बारकी

*

घर,
रविवार, २२ फेब्रुवारी

बारके,

आता महिना राहिला. शेवटच्या महिन्यातच माणूस हलतो. मी पाहिलंय ना. सगळं जुळवून आणलेलं असतं, बटणावर बोट असतं, आणि नेमका तेव्हाच पेशंट मान वळवून विचारतो, झालं का? सगळी फिल्म वाया.

तू मान वळवू नकोस. समोर बघ. श्वास घेतला आहेस, रोखून धर. मी इकडे भिंतीआड उभा आहेच. झालं की मीच सांगतो, सोडा.

बाबा

*

खोली १४,
२० मार्च, दुपार

बाबा,

उघडली!

सकाळी दहाला सगळे पडद्यासमोर जमलो. जिने ती संख्या लपवली होती तिने ती काढून टाकली आणि सगळे ठिपके आपापल्या जागी सरकले. मला तुमची डार्करूम आठवली, पाण्याखालून फिल्म वर येते तशी.

जोड्या हरवतात, बाबा. पण हरवायला हव्या होत्या तेवढ्या हरवत नाहीत. सावकाश चालणाऱ्यांत दहातल्या सातेक पोचल्या आहेत. साधी कारणं सगळी वजा करून झाली, तरी हिशेब एकाच रीतीने जुळतो. सूप गार होताना काही नव्याने जमल्या आहेत. ज्याचा हात सुटला तोच सापडतो असं नाही. जवळ जो असतो, तो.

सगळे टाळ्या वाजवत होते. मी बाहेर जिन्यात येऊन हे लिहिते आहे. एप्रिलमध्ये नाही, उद्या पहाटेच निघते. तिकीट काढून ठेवलंय, कधीचंच. हे पत्र माझ्यानंतर पोचेल. तेव्हा मी तुमच्या खुर्चीशेजारी असेन आणि आपण ते मिळून वाचू.

झालं, बाबा. सोडा आता श्वास.

बारकी

*

घर,
१९ एप्रिल

बारके,

तू येऊन दहा दिवस राहिलीस आणि आपण दोघी एका घरात दोन भाडेकरूंसारख्या वावरलो. तू कपाटं पुसलीस, मी कपडे धुतले. जाताना रिक्षात बसलीस तेव्हा मला बोलायचं होतं, तर रिक्षावाला सुटे आहेत का विचारत बसला. म्हणून आता लिहिते. तिथे बोलले नाही ते सगळं.

ऑक्टोबरात त्यांनी स्वतःचा फोटो स्वतःच वाचला. उजव्या बाजूला लिंबाएवढं पांढरं. आधी कुणालाच बोलले नाहीत. नोव्हेंबरात रक्त पडलं तेव्हा मला कळलं. पंधरा दिवस हॉस्पिटलात होते, त्यांच्याच विभागाच्या वरच्या मजल्यावर. घरी आले त्या दिवशी ऊन होतं. मागच्या दारी खुर्ची टाकायला लावली आणि तीन दिवसांत नऊ पत्रं लिहून काढली. मी म्हटलं, एवढी घाई कशाची? म्हणाले, "बारकीनेच सांगितलंय, जे करायचं ते सुरुवातीलाच. नंतर जोर उरत नाही." पाकिटं चिकटवून, कोपऱ्यात पेन्सिलने तारखा घालून माझ्या हातात दिली. एक आड एक रविवार टाकत जा म्हणाले. आणि शपथ. वीस मार्चच्या आत तिला कळलं तर मी तुझ्याशी बोलणार नाही. त्यांना बोलता येईनासं झालं तरी मी ती पाळत होते.

सोळा तारखेला, सोमवारी, दुपारी गेले. मी जवळ होते. शेवटी मोठा श्वास घेतला आणि मी वाट बघत बसले.

तुला चार दिवस कळवलं नाही. वीसला संध्याकाळी फोन केला. लोक म्हणाले, बापाचा शब्द पाळला पोरीने. तसं नाही. तुझं ते जळक्या स्वयंपाकाचं पत्र माझ्या उशाखाली होतं. मला राग होता. तू येऊच नयेस असं मला वाटत होतं, असं नाही. पण फेब्रुवारीत न आल्याची काहीतरी किंमत पडायला हवी होती तुला, असं वाटलं. हे मी दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

तुझं वीस मार्चचं पत्र दोन एप्रिलला आलं. तू आदल्या दिवशीच गेली होतीस. मी ते त्यांच्या खुर्चीसमोर उभी राहून मोठ्याने वाचलं. फार मोठ्याने. वेडीच मी, आता काय ऐकू येत नव्हतं म्हणून?

आणखी एक. नऊपैकी एक उरलंय. बावीस मार्चचं, पेटी उघडल्यानंतरचं. तू इथे होतीस तेव्हा कपाटात होतं. दिलं नाही. नऊच्या नऊ तुला. मी तीन दिवस त्यांच्या पाठीमागे उशी धरून उभी होते, मला एक चिठ्ठी नाही. जवळच्याला कोण पत्र लिहितं म्हणा.

टाकू का?

ताई

*

खोली १४,
रविवार, ३ मे

ताई,

तू तुझं सांगितलंस. आता माझं ऐक. हेही दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

मला माहीत होतं.

पंचवीस जानेवारीचं पत्र आलं तेव्हा मी ते आधीच्या तीन पत्रांवर ठेवलं. चारही कागदांवर तो चहाचा गोल होता, एकाच जागी. चौदा डिसेंबरच्या पत्रावर गडद, पुढे पुढे फिका. चारही ठिकाणी गोलाखालची शाई फुटलेली. म्हणजे कप ठेवला तेव्हा चारही पत्रं लिहून झालेली होती, एकावर एक. दोन महिन्यांची पत्रं एका दुपारी. माझ्या विद्यार्थ्यालाही हे पाच मिनिटांत कळलं असतं. त्यात तुझं पत्र आलेलं. चार दिवस ये, शपथ आहे. नोव्हेंबरचा खड्डा. न मिळालेली उत्तरं. पावसातलं ऊन.

मी ते चार कागद टेबलावर पसरून बसले आणि साधी कारणं शोधायला लागले. टपालात ओल आली असेल. कागदांचा गठ्ठा आधीच डागाळलेला असेल. ओल्या जागी लिहिलं की शाई फुटतेच. एकेक कारण घेतलं आणि एकेक वजा केलं, इतकं, की शेवटी काहीच उरलं नाही. मग पेन उचलून त्यांना लिहिलं, तुमचा कप गळका आहे की काय.

तिकीटही त्याच दिवशी काढलं, एकवीस मार्चचं. एप्रिलचं नाही. ज्याला काही माहीत नसतं तो तिकीट अलीकडे आणत नाही. आणि ज्याला माहीत असतं तो फेब्रुवारीचं काढतो. मी मधलं काढलं.

सगळे म्हणतात, वडिलांनी केवढं झाकून ठेवलं तुझ्यासाठी. त्यांनी झाकलं आणि मी वर हात ठेवला, ताई. तू चार दिवस धरून ठेवलेल्या रागाची माझ्याकडे माफी मागू नकोस. माझे सहा आठवडे आहेत.

आता त्या पत्राचं. टाकू नकोस.

नऊ पाकिटं तू टपालपेटीपर्यंत नेलीस आणि एकही उघडून पाहिलं नाहीस. उशी तू धरलीस. माझी आठ माझ्याजवळ आहेत, डागांसकट. नववं तुझं आहे. पाकिटावरचं माझं नाव खोड आणि तुझं लिही. आत 'बारके' असं असेल, तिथे 'मोठे' वाच. त्यांनी तुला तीच हाक मारली ना जन्मभर. बाकी मजकुरात फारसा फरक पडणार नाही. पेटीत काय निघालं ते त्यांना माहीत नव्हतं, म्हणजे त्यांनी कामाबद्दल लिहिलेलं नसणार.

दुपारचं जेवण झालं की मागच्या दारी खुर्ची टाक. त्यांचीच. चहा घे, कप कुठेही ठेव. सावकाश वाच.

आणि मग त्यात काय होतं ते मला लिही. घाई नाही. पुढच्याच्या पुढच्या रविवारपर्यंत.

तुझी,
बारकी